केबिनच्या दारातली वीट

एसटीडी बूथ म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. माझ्या भाचीच्या मुलीला मी एकदा सांगत होते की आमच्या गावात फोन एकच होता आणि तो माझ्या ताब्यात होता. तिनं डोळे मोठे करून विचारलं, "मग सगळ्यांचे पासवर्ड तुला माहीत होते?" मी म्हटलं, "पासवर्ड नव्हते गं बाई तेव्हा. एक दार होतं. तेही पुढं उघडं ठेवायला लागलं." तिला काही ते कळलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून लिहायला बसले आहे.

गाव पलूसजवळचं. नाव लिहीत नाही, आणि पुढं जी माणसं येतील त्यांची नावंही बदलली आहेत. बूथ बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी कोण कुणाशी काय बोललं हे सांगताना जीभ अडखळते. धंद्याची सवय, दुसरं काय.

मला बूथ मिळाला तो अपंगांच्या कोट्यातून, नव्वद सालानंतर लगेचच. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. त्याच पायामुळे गावातला पहिला सार्वजनिक फोन माझ्या हाती आला. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या कडेला. बूथ मात्र एसटी थांब्याजवळ, ग्रामपंचायतीच्या जागेत. सुरुवातीला काही जणांनी नाकं मुरडली. पण दुसरा फोन होता कुठं? ज्यांनी आमच्या घरचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही, त्यांनी मी दिलेला रिसीव्हर मुकाट कानाला लावला, आणि वर "अक्का, जरा लौकर लावा की" म्हणून अजिजीही केली. शालन हे माझं नाव मागं पडलं आणि मी सगळ्या गावाची अक्का झाले.

बूथ म्हणजे पत्र्याची एक खोली. वर पिवळा बोर्ड. आत माझं टेबल, टेबलावर लाल आकड्यांचा मीटर आणि कुरकुरत पावती काढणारं यंत्र. कोपऱ्यात काचेची केबिन, माणूस उभा राहील एवढीच. केबिनच्या समोर भिंतीला लागून बाक. नंबर लागेपर्यंत लोक बाकावर बसत, आणि बसलेला माणूस काही कान घरी ठेवून येत नाही. बाहेरून फोन आला की मी छतावरच्या कर्ण्यातून पुकारायची, "अमक्याचा फोन आलाय," मग तो माणूस हातातलं टाकून पळत यायचा.

सुरुवातीला केबिनला दार नव्हतं. ते बसवून घेतलं द्राक्षवाल्यांनी. मुंबईला, बंगळूरला फोन लावून ते दर विचारायचे, आणि बाकावर दुसरे चार द्राक्षवाले कान टवकारून बसलेले असायचे. एक बागायतदार तर तोंडावर टॉवेल धरून बोलायचा. शेवटी तोच म्हणाला, "अक्का, केबिनला दार बसवा. सुतार मी धाडतो." सुतार आला, काचेचं दार बसलं, सगळे खूश. त्यासाठी सभा भरली नाही. तुम्हाला लपवायचंय काय, असंही कुणी विचारलं नाही. द्राक्षाचा दर ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे हे गावाला न सांगता पटलं होतं.

पलूसच्या टेलिफोन ऑफिसातल्या साहेबांनी मला यंत्र शिकवलं तेव्हा एकच ताकीद दिली होती. "गिऱ्हाईक आत गेलं की तुम्ही बहिऱ्या." मी ती पाळली. कुणी आत गेलं की मी रेडिओ लावायची. आवाज दाबला तरी काचेतून चेहरा दिसतोच, म्हणून मानही वळवायची. मुंबईत कुणी गेल्याची बातमी यायची, तेव्हा फोन ठेवल्यावरही माणूस तसाच आत उभा राहायचा. बाहेर रांग असली तरी त्याला हाक मारायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप समजलं.

काही गिऱ्हाइकांना मात्र दाराचा काही उपयोग नव्हता. तानूआजीचा मुलगा आसामात होता. ती बाहेर चपला काढून, डोक्यावरचा पदर नीट करून केबिनमध्ये जायची आणि आसाम लांब आहे म्हणून जीव खाऊन ओरडायची. "जेवलास काऽऽ?" दार बंद असून एसटी थांब्यावरची माणसं म्हणायची, "जेवला म्हनं, आजी."

आता मी सांगलीत भाच्याकडे असते. टीव्हीवर चर्चा चालतात, आपला फोन कोण ऐकतं, आपले निरोप कोण वाचतं, काय बंद करावं, कशावर नजर ठेवावी. त्यात एक जण हमखास म्हणतो की ज्याला काही लपवायचं नाही त्यानं घाबरायचं कशाला? हे वाक्य आलं की मी टीव्ही बंद करते. भाचा वैतागतो. मी हे वाक्य आमच्या मारुतीच्या देवळापुढं ऐकलेलं आहे, आणि त्याचं पुढं काय झालं तेही पाहिलेलं आहे.

झालं असं. गावातली नंदा नावाची मुलगी रोज एसटीनं सांगलीला कॉलेजला जायची. एके दिवशी ती परत आलीच नाही. मुलाबरोबर गेली हे दुसऱ्या दिवशी कळलं. ती अधूनमधून माझ्या बूथवर यायची हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तिचा चुलता तडक माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"कुनाला फोन लावायची ती?"

"मला माहीत नाही."

"बोलायची काय?"

"मी ऐकत नाही कुणाचं."

"बूथ तुमचा, आनि तुमाला ठावं न्हाई?" त्यानं केबिनच्या काचेवर अशी थाप मारली की मला वाटलं आता फुटते. पुढं पोलीसही विचारून गेले. त्यांनाही मी तेच सांगितलं.

चार दिवसांत मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. विषय एकच, बूथचं दार. ज्या बागायतदारानं दार बसवलं होतं तोच पहिला उठला आणि म्हणाला, "ते दार काढून टाका." मागून कुणीतरी म्हणालं, "आनि दराचं काय करायचं, गड्या?" हशा झाला. तो मुकाट खाली बसला.

मग सुभेदार आबा उठले. आबा म्हणजे गावातला सरळ माणूस. सारी उमर फौजेत काढलेली, निवृत्तीनंतर गावाच्या प्रत्येक कामात पुढं, कुणाच्या एका पैशाला न शिवलेले. त्यांचा थोरला मुलगा शेती बघायचा, धाकटा विलास त्यांच्याचसारखा फौजेत होता. त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "फौजेत आमची पत्रं सायेब फोडून वाचायचे. बायकूला लिवलेली बी वाचायचे. काय बिगडलं आमचं? ज्येच्या मनात पाप न्हाई, तेला दार कशाला पायजे?"

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तानूआजीचा आसामपर्यंत जाणारा आवाज आला, "आवं आबा, मग तुमच्या घराला दार कशाला लावलंय?"

पुन्हा हशा. आबाही हसले, पण मुद्दा हसण्यावारी गेला. मी कुबडीवर उभी राहून म्हटलं, "काढायचं तर सगळ्यांसाठी काढा." तेव्हा सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्का, बापई मानसाचं आनि बाईमानसाचं येक आसतंय व्हय?"

ठराव झाला. बाईमाणूस केबिनमध्ये असेल तेव्हा दार उघडं राहील, आणि बाईमाणसाला बाहेरून फोन आला तर कुणाचा, कुठनं, हे कर्ण्यातून पुकारायचं. दार आपोआप मिटायचं, म्हणून आबांनी पंचायतीच्या बांधकामावरची एक वीट स्वतः आणून माझ्या टेबलाखाली ठेवली. बाई आत गेली की वीट दारात सरकवायची, बाई बाहेर आली की काढायची. आबा म्हणाले, "अक्का, तुमच्यावर इस्वास हाय म्हनून तुमच्याकडंच ठेवतो." ते खरंच तसं मानत होते. जागा पंचायतीची होती आणि बूथ गेला तर मी खाणार काय होते? मी वीट सरकवू लागले.

जाता जाता सांगते, नंदा शिरवळला असल्याचं कळलं. मुलगा तिथल्या कारखान्यात होता. पुढं मूल झाल्यावर माहेरी येऊ लागली तेव्हा बूथवर आली. ती बूथवरून फोन करायची ते मैत्रिणीला, परीक्षेचं विचारायला. पळून जायचं ठरलं होतं ते एसटीत, रोजच्या सीटवर बसून. हसत म्हणाली, "अक्का, तुमच्या त्या बाकासमोर कोन ठरवंल पळून जायचं?"

ठरावानंतर बूथवर बायकांचा आवाज बदलला. खरं तर आवाज राहिला आणि बोलणं गेलं. "बरं हाय. तुमचं बरं हाय न्हवं? पाऊस झाला. ठेवते." मुंबईच्या बहिणीशी तासभर रडून बोलणाऱ्या बाया दोन वाक्यांत बाहेर येऊ लागल्या. अपवाद फक्त जतच्या बायकांचा. त्या द्राक्षबागांत मजुरीला यायच्या, घरी फोन लावायच्या तर कानडीतून. दारात वीट असून त्या खुशाल हसायच्या, भांडायच्या, रडायच्या. बाकावर बसलेल्यांना एक अक्षर कळायचं नाही. त्यांच्याकडे बघत एकदा उज्वला मला म्हणाली, "अक्का, मला कानडी शिकवाय सांगा की ह्यास्नी." मी हसले. ती हसली नाही.

उज्वला ही सुभेदार आबांची धाकटी सून, विलासची बायको. तिच्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर तिचं त्या केबिनमधलं उभं राहणं तुम्हाला समजायचं नाही. तिच्या छातीत गाठ झाली होती. आंघोळ करताना हाताला लागली. कुणाला सांगणार? सासू कधीच वारलेली. जावेला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर चर्चा. गावात डॉक्टर एकच, तो पुरुष, आणि त्याच्याकडे जायचं तर सासऱ्यांबरोबर. सासऱ्यांना सून आपल्या छातीचं काय सांगणार, हे मी बायकांना समजावून सांगायला नको. तिनं ठरवलं की सांगायचं ते नवऱ्याला. तो रजा काढून येईल, मिरजेला नेईल.

विलास वर बर्फाच्या बाजूला होता. तिकडं आपण फोन करायचा म्हटलं तर लागायचा नाही. रविवारी रेशनच्या गाडीबरोबर तो खालच्या गावात उतरायचा आणि तिथल्या बूथवरून इथं फोन करायचा. मी पुकारायची, "उज्वला, विलासचा फोन, बॉर्डरवरनं." ती यायची, मागून आबा यायचे, दीर यायचा, विलासची ख्यालीखुशाली ऐकायला आणखी दोघं-तिघं बाकावर टेकायचे. त्यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. फौजेतला पोरगा, त्याचा आवाज सगळ्यांना हवा असायचा. आधी उज्वला बोलायची, मग आबा.

एका रविवारी ती वेळेच्या आधीच आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अक्का, आज दार लावाल? मला त्यांच्यासंगं येक बोलायचं हाय."

मी आबांकडे पाहिलं. ते दारातच उभे होते. मी फोन आल्यावर वीट न सरकवता रेडिओ मोठा केला. दार मिटलं. उज्वलाचा हात रिसीव्हरवर घट्ट झालेला मला दिसला. ती तोंड उघडणार एवढ्यात आबा पुढं आले, टेबलाखालून वीट काढली, दारात ठेवली आणि मला म्हणाले, "अक्का, रेडू बारीक करा. पोरगं काय म्हनतंय ते आमाला कळाय नगं व्हय?" आवाजात राग नव्हता. मुलगा काय म्हणतोय ते त्यांना खरंच ऐकायचं होतं. उज्वलानं आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "व्हय, समदी बरी हायती."

ती बाहेर आल्यावर, आबा आत बोलत होते तेव्हा मी तिला हळूच म्हटलं, "पत्र लिही की."

"पत्र आबाच पेटीत टाकत्यात. आदी वाचून दावाय लागतंय. आनि तिकडं सायेब फोडत्यात म्हनं."

"मग मला सांग. मी सांगते त्यांना."

तिनं मान हलवली. "तुमच्या तोंडनं त्यास्नी कळाय नगं, अक्का. त्यांच्या मनाला काय वाटंल?"

मला वाटलं, घरात काही भांडण असेल, जावेजावेचं काही असेल. यापलीकडे माझी उडी गेली नाही.

पुढं एकदा आडवारी भरदुपारी फोन वाजला. विलास होता. कसल्याशा कामासाठी खाली उतरला होता. द्राक्षांची छाटणी चालू होती, गाव सगळं बागेत. आबा पलूसला गेलेले. बाक रिकामा. अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. कर्ण्यातून पुकारलं असतं तर बागेतून दीर आला असता. मी विलासला म्हटलं, "फोन ठेवू नका. उज्वलाला तुमच्याशी एकटीनं बोलायचंय. आणते मी तिला."

"एकटीनं? काय झालंया अक्का? घरात काय हाय का?"

"मला नाही सांगितलं. थांबा फक्त."

रिसीव्हर तसाच ठेवला आणि माझ्या तीनचाकी सायकलवर बसले. आबांचं घर चढावर. हातानं पॅडल मारत मी निघाले. तो चढ मी तेव्हापर्यंत कधी एकटीनं चढले नव्हते. कुणीतरी मागून ढकलायचं. वाटेत हाक मारावी असं एक माणूस दिसेना. दंडातून कळ निघाली. अर्ध्यावर सायकल मागं येऊ लागली तेव्हा मी तिथूनच ओरडले, "उज्वला! अगं उज्वलाऽऽ!" पिठाचे हात घेऊन ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं, सगळं समजली आणि चपला न घालता उतारावरून पळत सुटली.

मी मागून पोहोचले तेव्हा ती केबिनमध्ये होती. दार मिटलेलं. रिसीव्हर कानाला लावून उभी होती आणि ओठ हलत नव्हते. लाइन कधीच तुटली होती. तरी ती बराच वेळ तशीच उभी राहिली. त्याला तिकडं रांगेतल्यांनी थांबू दिलं नसणार. बाहेर आली तेव्हा रिसीव्हरला पीठ लागलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं. म्हणाली, "दार लावल्यावर आत लय उकडतं न्हवं, अक्का?" मग घरी गेली.

त्यानंतरच्या रविवारी विलासचा फोन ठरल्या वेळी आला. आबा, दीर, बाकावरची नेहमीची मंडळी, सगळे होते. त्यानं नक्कीच विचारलं असणार, तुला एकटीला काय बोलायचं होतं. कारण ती म्हणाली, "काय न्हाई. आसंच." मग थांबली. मग म्हणाली, "आवं, म्हस व्याली. रेडी झाली." बाकावर सगळ्यांना बरं वाटलं. आबा हसून म्हणाले, "सांग तेला, कपाळावर चांद हाय म्हनावं." तिनं ते सांगितलं.

विलास रजेवर आला तो उन्हाळ्यात. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी दोघं मिरजेला गेली. आबाही गेले. डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन विचारलं, इतके दिवस काय करत होता? ऑपरेशन झालं. पुढचं सगळं झालं. आबांनी त्या दवाखान्यात सुनेची जी सेवा केली ती मी पाहिली आहे, मी भेटायला गेले होते. वऱ्हांड्यात सतरंजी टाकून पडून राहायचे. मला म्हणाले, "मला येक शबूद बोलली आसती तर खांद्यावर घिऊन आलो आसतो की हो, अक्का." ते खांद्यावर घेऊन गेले असते हे खरंच होतं. पण तो शब्द ती त्यांच्याशी बोलू शकत नव्हती हेही तितकंच खरं होतं, आणि जिथं बोलू शकली असती तिथं आपणच वीट ठेवली होती.

दिवाळीच्या आधी उज्वला गेली. केस गेलेले, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, एवढंसं तोंड. मला अजून तिचा राग येतो कधीकधी, की तू मला का सांगितलं नाहीस गं बाई. आणि मग माझी मलाच लाज वाटते. जी गोष्ट तिला तिच्या माणसाच्या कानात सांगायची होती, ती मला सांगायला तिला भाग पाडणारी मी कोण?

तो ठराव कधी रद्द झाला नाही. कुणी तो पुन्हा काढलाही नाही. आणखी काही वर्षांनी घरोघर फोन आले, मग खिशात आले, बूथ ओस पडला आणि मी यंत्र परत करून आले. गावात आजही कुणाला विचारलं तर म्हणतील, उज्वला आजारानं गेली. खरंच आहे ते. आजारानंच गेली.

बारावं झाल्यावर विलास परत निघाला तो दिवस मला सांगायचा आहे. सांगलीची एसटी यायला वेळ होता. आबा त्याला पोचवायला आले होते. काळी ट्रंक बाहेर ठेवून विलास आत आला आणि माझ्या टेबलापुढं उभा राहिला. आबा बाकावर बसले.

विलास म्हणाला, "अक्का, तवा रविवारी मी तिला लय इचारलं. सांग म्हनलं, काय बोलायचं हुतं. ती म्हनली म्हस व्याली. मी तुकडीत पेढं वाटलं, अक्का. पोरं म्हनली, कशाचं रं पेढं, तर म्या म्हनलं, माझ्या घरी रेडी झालीया, कपाळावर चांद हाय."

मी टेबलाकडे बघत राहिले.

"हितं कोन हुतं तवा? ती बोलली का न्हाई मला? कोन बसलं हुतं हितं?"

आत कोण होतं आणि बाहेर कोण होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नंदाच्या चुलत्याला नाही आणि पोलिसांनाही नाही. आणि आता तर समोर बाप होता आणि लेक होता, आणि दोघांच्याही घरातलं माणूस नुकतंच गेलं होतं. मी म्हटलं, "मला आठवत नाही, विलास."

"आठवत न्हाई? तुमाला?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मागून आवाज आला. "मी हुतो."

आबा उठून उभे राहिले होते. फौजी माणूस, ताठ उभा राहायचा. त्या दिवशीही तसेच उभे होते. "तिनं दार लावा म्हनलं हुतं अक्कास्नी. मी लावू दिलं न्हाई. दर रविवारी मीच हुतो, विलास. हितंच बसलो हुतो."

विलास बाहेर जाऊन ट्रंकेजवळ उभा राहिला. आबा मागोमाग गेले. एसटी आली. कंडक्टरनं ट्रंक वर चढवली. दरवेळी निघताना विलास वडलांच्या पाया पडायचा, त्याशिवाय गाडीत पाय टाकायचा नाही. आताही तो वाकला. आबांनी पाय मागं घेतले.